दुसऱ्यांदा पाया पडताना

निघायच्या दिवशी मी आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या, पाया दोनदा पडले. पहिल्यांदा घरच्या ओट्यावर, मनापासून. दुसऱ्यांदा फाट्यावर, फ्लेक्सखाली, कारण तात्यांनी गाडी थांबवली.

"ताई, उतर जरा. आप्पा, तुम्ही हिकडं तोंड करा. हां, आता पड पाया. व्हिडिओ काढायचाय."

तात्या म्हणजे आमच्याकडच्या विकास सोसायटीच्या पॅनेलचे पुढारी. फ्लेक्सवर त्यांचा चेहरा गाडीच्या चाकाएवढा, गॉगलसकट. मी खाली कोपऱ्यात, बारावीच्या ओळखपत्रावरच्या फोटोत, हरवलेल्या मुलीच्या जाहिरातीसारखी. 'सातासमुद्रापार झेंडा रोवणारी कन्या' असं वर लिहिलेलं. मी अजून शिरूरसुद्धा ओलांडलं नव्हतं.

मी शिकायला निघाले होते ती पदवी तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र मिळून एकच, याचं तात्यांना भारी कौतुक. "म्हंजी मंत्री व्हायचाच कोर्स हाय की!" तेव्हा मी हसले. इंग्लंडला पोचल्यावर कळलं, वर्गातल्या निम्म्या पोरांचाही तोच समज आहे. ती काळे झगे घालून जेवायला बसतात, कुणीतरी लॅटिन प्रार्थना पुटपुटेपर्यंत उभी राहतात आणि मग मटण चिरता चिरता दारिद्र्यावर बोलतात. तिथं फ्लेक्स नव्हते, भिंतींवर तैलचित्रं होती. चेहरे तेवढेच मोठे, फक्त गॉगल नाही.

एकदा निबंधाला विषय आला: गप्प बसणाऱ्याची संमती गृहीत धरावी का? मी आमच्या शेवंतीच्या शेताबद्दल लिहिलं. आमचं रान घोड धरणाच्या कालव्यावर, शेवटच्या चारीला, म्हणजे अगदी टोकाच्या पोटपाटाला. पाणी सुटल्यावर ते खालपर्यंत येणार की वरच मुरणार, हे तात्यांच्या मर्जीवर, आणि म्हणून खालचे सगळे गप्प. जवळच इनामगावात हजारो वर्षांपूर्वीचा पाट सापडलाय. शेवटच्या घराला पाणी सोडायचं की नाही हे तेव्हा कोण ठरवायचं, ते मात्र उकरून सापडलेलं नाही. सर वाचून म्हणाले, "फॅसिनेटिंग." आमच्या वाळणाऱ्या रानाला इतका गुळगुळीत शब्द कुणी लावला नव्हता. मला शिसारी आली.

उन्हाळ्यात घरी आले तर सोसायटीची निवडणूक. तात्यांचा निरोप आला: स्टेजवर बसायचं, पॅनेलबद्दल चार शब्द बोलायचे. आई म्हणाली, "शाल घे, नारळ घे आन् ये की माघारी. तोंडाला काय फोड येत्यात?" आप्पा पंपाचं नोझल साफ करत होते. मी थेट विचारलं, तेव्हा म्हणाले, "तुला पटत नसंल तर जाऊ नको. पाण्याचं बघू."

मी गेले नाही. तरी सभेत होतेच. तात्यांनी मोठ्या पडद्यावर फाट्यावरचा व्हिडिओ लावला: वर गॉगल, खाली आप्पा, त्यांच्यापुढं वाकलेली मी. 'आपल्या पॅनेलची लेक.' टाळ्या घरापर्यंत ऐकू आल्या. त्या खेपेला पाणी आमच्या चारीला आलंच नाही. चारीत गवत माजलंय, असं कारण मिळालं. नुकती लावलेली शेवंतीची रोपं जागेवर करपली.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडलेत, त्यांना घरून विचारतात, कधी येतोस? मला आप्पा फोनवर सांगतात, "आत्ता नको येऊ. मतदान हुंदे." यात माया किती आणि भीती किती, हे कुठल्याही तासाला शिकवलेलं नाही. आधी झेडपी, मग ग्रामपंचायत, मग पुन्हा सोसायटी. आमच्याकडं मतदान कधी संपतच नाही.

ओट्यावरचा तो पहिला नमस्कार कुणीच टिपला नाही. आप्पांचा हात माझ्या डोक्यावर असलेलं एकच चित्रण जगात आहे, आणि ते तात्यांचं. इथं खोलीवर मी ते फोनवर लावते. लावताना पडद्याच्या वरच्या भागावर अंगठा ठेवते, गॉगल झाकला जाईल इतपत. खाली जेवढं उरतं, तेवढं माझं घर.