नाहूरच्या डंखावर

मुलुंडच्या कंपनीतली कायमची नोकरी सोडून मी भांडुपला मिरची-मसाला कुटायचा डंख टाकला, तेव्हा बायकोला विचारलं नव्हतं. नुसतं सांगितलं होतं. तिने माझा कंपनीचा डबा घासून माळ्यावर ठेवून दिला, आणि तेच मला जास्त लागलं. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. आमच्या धंद्याचा हंगाम होळीपासून मिरगापर्यंत. त्यातला महिना उलटला तरी माझी मुसळं बहुतेक वेळ उभीच असायची. हंगाम असाच गेला तर यंत्र विकून पुन्हा कुठल्या तरी कंपनीच्या गेटवर उभं राहायचं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

चुकतंय कुठे ते समजेना. यंत्र नवीन, जलद. शिवाय बायकांची सोय म्हणून मी पाटी लावली होती : 'मिरची ठेवून जा, संध्याकाळी तयार मसाला न्या.' आणि त्याच बायका माझ्या दारावरून डबे घेऊन नाहूरच्या एका जुन्या, खडखडणाऱ्या डंखावर चालत जायच्या.

एका सकाळी घरातल्याच वाळवलेल्या मिरच्या आणि धणे पिशवीत भरले आणि मीही तिकडे गेलो. तिथे सगळ्या बायकाच. रांगेतल्या एका मालवणी आजीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"बायको खंय रे तुझी? मिरची घेवन पुरुष कधी येतत?"

"आजारी आहे," मी म्हणालो. तोंडातून गेलं ते गेलंच. धडधाकट बाईला मी भर रांगेत अंथरुणाला खिळवलं.

"अरे देवा! मगे पुढे जा बाबा, पुढे जा."

सगळ्यांनी मला वाट दिली. मालकानेही हसून पिशवी घेतली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण डोळे मात्र काम करत होते. मालकाने आधी उखळ ब्रशने झाडलं, फडक्याने पुसलं आणि मला वाकून बघायला लावलं. "बघा, रिकामं आहे ना? मग टाका." शेजारी एक लांब बाकडं होतं. ज्या बाईचा मसाला पडलेला असेल ती उखळासमोर बसायची, चाळण स्वतःच्या हाती घ्यायची, चाळून उरलेलं जाडं पुन्हा उखळात टाकायला लावायची. शेवटची चिमूट डब्यात पडल्यावरच उठायची.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. वर्षभराचा मसाला कोणती बाई परक्याच्या हवाली करून घरी जाईल? आपल्या ब्याडगीत दुसरीची तिखट मिरची मिसळली तर? वाटीभर कुणी काढून घेतला तर? जी मी सोय समजत होतो, तिचा त्यांना संशय येत होता.

घरी येऊन पाटी काढली. बाकडं आणलं, बाहेर कापड बांधून सावली केली. बायकोला सगळं सांगितलं, तिच्या आजाराचं तेवढं सोडून. ती म्हणाली, "अहो, मग उखळ मी दाखवते. तुम्ही दाखवलंत तर त्या वाकायच्या नाहीत." आणि पदर खोचून उभीच राहिली. पहिल्या आठवड्यात दोघीतिघी आल्या. त्यांनी चाळीत सांगितलं. मग चाळीच आल्या.

मे महिन्यात रांग पानाच्या टपरीपर्यंत गेली असताना तीच मालवणी आजी डबा घेऊन हजर झाली. तिकडे म्हणे गर्दी फार. माझ्या बायकोकडे बघून म्हणाली, "गो, बरी झालंस मां?"

"मला काय झालं होतं?" बायकोने माझ्याकडे पाहिलं.

"ताप," मी म्हणालो आणि मग सगळ्यांसमोर सगळंच सांगून टाकलं. मान वर होईना. आजी मात्र पोट धरून हसायला लागली.

"आमका तेव्हाच कळला होता रे! आमी सगळी खोकान बेजार, डोळ्यांतसून पाणी, नि ह्यो मेलो ठणठणीत उभो! मालक माका म्हणालो, आजी, ह्यो डंखवालोच आसा."

"मग त्यांनी मला हाकललं का नाही?"

"माका काय ठावक? तूच जावन इचार. आधी माझो मसालो कूट."

रांगेत हशा पिकला. बायको हसता हसता बाकड्यावरच बसली. नोकरी सोडल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. ज्या माणसाच्या पोटावर मी पाय द्यायला गेलो होतो, त्याने मला जाणूनबुजून सगळं बघू दिलं होतं, ही गोष्ट आजही माझ्या मनावरून उतरत नाही. पण त्या दुपारी अपराधी वाटून घ्यायलाही सवड नव्हती. आजी उखळासमोर ठाण मांडून बसली होती. मागून बायका ओरडत होत्या, "अहो दादा, आवरा ना, आमचा नंबर कधी?" बायकोने उखळ पुसलं, मला खूण केली आणि मी बटण दाबलं. यंत्र आता कुठेही जाणार नव्हतं.