भरलेला रोल

फिल्मचे रोल मी तयार विकत घेत नाही. शंभर फुटांचा काळ्या-पांढऱ्या फिल्मचा गुंडाळा पत्र्याच्या डब्यात बंद होऊन कुरियरने आमच्या गावी, आचऱ्याला येतो आणि त्यातून लहान रोल घरीच भरायचे. कुणी पाहुण्याने विचारलं की मी मोठ्या तोऱ्यात सांगतो, आम्ही रोल घरीच भरतो. त्या ‘आम्ही’मध्ये भरणारे बाबा. मी नुसता सांगणारा.

काम तसं किचकट नाही, पण कंटाळवाणं आहे. लोडर म्हणून काळ्या प्लास्टिकची एक पेटी असते. मोठा गुंडाळा अंधारात एकदा तिच्या पोटात बसवला की पुढचं सगळं उजेडात होतं. जुन्या डबीतल्या दांडीला फिल्मचं टोक चिकटपट्टीने चिकटवायचं, डबी मिटायची, पेटीचं झाकण लावायचं आणि हँडल फिरवत बसायचं. बाबा मुंबईची नोकरी संपवून कायमचे गावी आले तेव्हा दुपारचे पंख्याकडे बघत बसायचे. मी हे काम त्यांच्या गळ्यात मारलं. त्यांचा वेळ जातो, असं मी लोकांना सांगायचो. खरं सांगायचं तर माझा वाचायचा.

त्यांच्यासाठी मी दोन डबे करून ठेवले. एकावर लिहिलं ‘भरलेले’, म्हणजे कोरी फिल्म भरलेले रोल, वापरायला तयार. दुसऱ्यावर लिहिलं ‘धुवायचे’, म्हणजे फोटो काढून झालेले. डब्या त्याच त्याच पुन्हा वापरायच्या, त्यामुळे वरून दोन्ही रोल सारखेच दिसतात. काढून झालेला रोल पूर्ण आत गुंडाळून टाकावा, म्हणजे घोटाळा होत नाही, असं जाणती माणसं सांगतात. मी मात्र जिभेएवढं टोक बाहेर ठेवतो, धुताना सोपं पडतं म्हणून. मला कोण शिकवणार? मी तर शिकवणारा. दोन खोल्या पर्यटकांना देतो आणि हौस असेल त्यांना फिल्म धुवायला शिकवतो. फाटकावरच्या पाटीवर तसं लिहिलेलं आहे.

बाबांचा एकच मित्र. शेजारच्या ख्रिश्चन वाडीतला, जहाजावर आयुष्यभर खानसामा होता, लग्न केलं नाही, भाचीकडे राहायचा. मी त्याला अंकल म्हणायचो. दोघे शाळेत एका बाकावर होते आणि म्हातारपणी आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, एका बाकड्यावर बसून पत्ते खेळायचे. खेळायचे कमी, एकमेकांना लबाड ठरवायचे जास्त. इतक्या वर्षांत दोघांचा एकत्र एकही फोटो नव्हता. एक जहाजावर, एक मुंबईत, कोण काढणार?

एका संध्याकाळी बाबाच म्हणाले, “आमचो एक फोटो काढ रे. चांगलो.” मी कॅमेरा आणला. अंकल म्हणाला, “थांब, दात घालून येतंय,” आणि घरी जाऊन दातांबरोबर इस्त्रीचा शर्टही घालून आला. भाची मागोमाग आली आणि तिने मोबाईल वर केला. मी तिला हटकलं. “मोबाईल कित्याक मध्ये? फिल्मवर घेतंय मा.” ती बिचारी बाजूला झाली. मी रोल संपेपर्यंत त्या दोघांचेच फोटो काढले: हसताना, भांडताना, पत्ता लपवताना. बाबा लाजले होते. इतकं लक्ष त्यांच्याकडे मी कधी दिलंच नव्हतं.

रोल संपला. मी कॅमेऱ्यातून काढला, टेबलावर ठेवला आणि पाय धुवायला जाता जाता म्हणालो, “बाबा, ह्यो रोल भरलो.”

पुढच्याच आठवड्यात अंकल गेला. झोपेतच गेला, कुणाला त्रास नाही, काही नाही. दफन करून आल्यावर बाबांनी शर्ट बदलला आणि विचारलं, “तो रोल धुतलंस?” मी म्हटलं, धुतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग रोज सकाळी चहा पिताना. एकदा कालवलेल्या केमिकलमध्ये चार रोल निघतात, माझ्याकडे हिशोबाने तीनच झालेले होते, आणि एका रोलचं केमिकल वाया घालवायचं माझ्या जिवावर आलं होतं. “चौथो होऊ दे, मगे एकदम धुतंय,” असं म्हणून मी वेळ मारून नेली. बाबा म्हणाले, “बरा.” मित्र गेलेल्या माणसाला मी केमिकलचं गणित सांगत होतो. आता आठवलं की कान गरम होतात.

चौथा रोल व्हावा म्हणून ‘भरलेले’च्या डब्यातून एक उचलला आणि पुण्याच्या पाहुण्यांना घेऊन तोंडवलीला गेलो. नशिबाने तिथे रापण ओढत होते. किनाऱ्यावर दोन बाजूंना माणसांच्या दोन रांगा, मध्ये समुद्रात ते लांबलचक जाळं, पायात वाळू घट्ट रोवून दोर ओढणं चाललेलं. मी अंगात आल्यासारखा फोटो काढत सुटलो. पाहुण्यांना उजेड कसा वाचायचा ते सांगत होतो. माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले फोटो तेच, असं मला खात्रीने वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांना समोर बसवून रोल धुतले. रापणीची पट्टी टाकीतून काढून खिडकीशी धरली तर फोटोंच्या मधल्या मोकळ्या पट्ट्याच गायब. दोरांवर दुसरंच काहीतरी, जाळ्यावर काहीतरी, सगळा काला झालेला. एकाच फिल्मवर दोनदा फोटो काढले गेले होते. माझं डोकं फिरलं. बाबा दारात उभे होते, आज धुणार म्हणून सकाळपासून तिथेच घुटमळत होते.

“दोन डबे,” मी म्हणालो. “फक्त दोन डबे दिलेत तुम्हाला. वर मराठीत लिहिलंय. तेवढंही जमत नसेल तर हात लावू नका. माझी अख्खी मेहनत मातीत घातलीत तुम्ही.”

घरी आम्ही मालवणीत बोलतो आणि मी बाबांना तू म्हणतो. त्या दिवशी पाहुण्यांना कळावं म्हणून प्रमाण मराठीत बोललो आणि तुम्ही म्हणालो. त्या तुम्हीत आदर औषधालाही नव्हता. पाहुणे जमिनीकडे बघायला लागले. बाबा म्हणाले, “चुकला माझा.” एवढंच.

पाहुण्यांमधल्या एका बाईंनी पट्टी हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि निरखून पाहत म्हणाल्या, “इथे दोन माणसं बसलीयेत. बाकड्यावर.”

बाबा दारातून आत आले नाहीत. त्यांनी लांबूनच पट्टीकडे पाहिलं आणि वळून खळ्यात गेले. मी हातातलं भांडं उगाच विसळत राहिलो.

पाहुणे जेवून दुपारी बाहेर पडल्यावर मी खळ्यात गेलो. आवाज खाली आणून विचारलं, “बाबा, तो रोल थंय गेलो कसो?”

“तूच सांगलंस मा, रोल भरलो म्हणान,” बाबा म्हणाले. “मगे मी भरलेल्यांत ठेवलंय.”

मला एकदम ऐकू आलं, मीच बोललेलं. रोल भरला, म्हणजे संपला, असंच कुणीही म्हणतं. मीही तसंच म्हणालो होतो. डब्यावर मात्र तोच शब्द मी बरोबर उलट्या अर्थाने लिहून ठेवला होता. बाबांनी माझा शब्द उचलला आणि माझ्याच अक्षरावर नेऊन ठेवला. त्यात त्यांची चूक शोधायची कुठे?

“मगे तेव्हाच कित्याक नाय सांगलंस?” मी म्हणालो. माझ्या आवाजात अजून चीड होती, हे लिहायलाही लाज वाटते.

“पावण्यांसमोर? ते तुझ्याकडे शिकूक इलेले. तुका खाली बघूक लावू काय?”

मी माफी मागायला हवी होती. तोंडाशी आलीही होती. पण बाबांनी विचारलं, “एखादो तरी दिसता काय रे त्यातलो?” आणि मी बघतो म्हणून आत पळालो. पळालोच, दुसरा शब्द नाही.

सगळ्या फोटोंतून एक त्यातल्या त्यात बरा निघाला. बाबांचा चेहरा बऱ्यापैकी स्वच्छ आहे. अंकलच्या चेहऱ्यावरून रापणीचा दोर आडवा गेलाय आणि डोळ्यांच्या जागी कुणा ओढणाऱ्याची पाठ आहे. इस्त्रीचा शर्ट दिसतो, पत्ते धरलेला हात दिसतो. त्याचे मी दोन मोठे प्रिंट काढले, नेहमीपेक्षा जास्त काळजी घेऊन. बाबांनी एक स्वतःजवळ ठेवला.

दुसरा त्यांनी अंकलच्या महिन्याच्या मिसेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, नेला. मीही बरोबर गेलो. मिसेनंतर सगळे घरी जमले, चहा-बिस्किटं फिरत होती. भाचीने प्रिंट हातात घेतला, बराच वेळ बघितला. तिला तेव्हा मोबाईलवर काढू दिला असता तर आज तिच्याकडे मामा होता. ती माझ्याकडे बघेल म्हणून मी भिंतीवरच्या क्रूसाकडे बघत राहिलो. पण तिने बाबांना विचारलं, “ह्या असा कसा झाला?”

“माझ्याच हातान झाला गो,” बाबा म्हणाले. “डबे बदलले.”

आता बोल, असं मी स्वतःला म्हटलं. सगळे आपलेच होते, पुण्याचं कुणी नव्हतं. भाचीने बाबांच्या पाठीवर हात ठेवला. “जांव दे, काका. तुमका आता बारीक दिसणा नाय.”

बाबांची नजर उत्तम आहे. सुईत दोरा अजून स्वतः ओवतात. त्यांनी मान डोलावली. तेवढ्यात कुणीतरी माझ्यासमोर बशी धरली, मी त्यातलं एक बिस्कीट उचललं आणि खाल्लं.