सासऱ्यांची नळी निघाली त्या दिवशी

माझे सासरे मला सरळ हाक मारत नसत. गिरणीत साचेखात्यात, मागांच्या खडखडाटात उमेदीची सगळी वर्षं गेलेली, त्यामुळे आवाज मोठा. चाळीत कोणाशीही तावातावानं बोलायचे, पण सून समोर आली की मान खाली. मी जेवायला बसलेली असले तर दाराबाहेर खाकरायचे आणि मगच आत यायचे. सासूबाई गेल्यावर तर आमचं बोलणं 'बाबा, चहा ठेवलाय' आणि 'होय' एवढ्यावर आलं होतं. गोरेगावला आमची एक खोली, मागं स्वयंपाकघर आणि कोपऱ्यात पडदा लावलेली मोरी. संडास चाळीच्या टोकाला.

ऐंशीच्या दशकातला एक मे महिना. बाबांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. ते नीट पार पडलं, पण लघवीच्या मार्गात घातलेली नळी काढल्यावर लघवी होईना. त्यात जंतुसंसर्ग होऊन थंडी वाजून ताप भरला. डॉक्टरांनी नळी परत घातली आणि म्हणाले, "मूत्राशय दमलंय. आठवडाभर आराम देऊ त्याला. असंच घरी न्या." माझे यजमान आरेच्या डेअरीत नोकरीला, त्यांची रजा हॉस्पिटलच्या फेऱ्यांत संपून गेलेली. मी शाळेत शिकवायचे, मला सुट्टी होती. म्हणजे सगळं माझ्याकडेच आलं.

निघताना वॉर्डातल्या सिस्टरनं मला बाजूला घेतलं. "नळीला जोडलेली ही लघवीची पिशवी कायम कमरेच्या खाली ठेव. वर उचललीस तर लघवी उलटी आत जाते. पण जमिनीला टेकवायची नाही. नळीला पीळ पडू द्यायचा नाही. पिशवी रिकामी करायच्या आधी आणि नंतर हात साबणानं धुवायचे. पाणी भरपूर पाजायचं. ताप गेला म्हणून या गोळ्या मध्येच बंद करायच्या नाहीत. आणि ही दुसरी गोळी जळजळीवर आहे. तिनं लघवी केशरी होते, रक्त समजून धावत येऊ नकोस."

घरी आल्या आल्या बाबांनी भिंतीकडे बघून जाहीर केलं, "पिशवेक कोणी हात लावू नको. झील येयत आणि बघीत."

त्यांचा झील, म्हणजे माझे यजमान, पहाटे जायचे ते दुपार उलटून गेल्यावर यायचे. तोवर पिशवी भरू नये म्हणून बाबांनी पाणी पिणंच सोडलं. मी पेला भरून ठेवायचे, तो तसाच राहायचा. "बाबा, सिस्टरनं सांगितलंय ना," असं म्हटलं की "मगे पितंय" म्हणायचे आणि डोळे मिटून घ्यायचे.

दुसऱ्याच दिवशी दुपारी ते कूस बदलून बदलून कण्हायला लागले. कपाळावर घाम. मी पिशवीकडे पाहिलं तर सकाळी होती तेवढीच.

"पोटात दुखतंय का?"

"नाय."

ते खोटं बोलताहेत हे कोणालाही कळलं असतं. मी मोरीत जाऊन हात धुतले आणि म्हटलं, "बाबा, मी चादर बाजूला करते." उशाचा पंचा ओढून त्यांनी तोंडावर घेतला. नळी मांडीखाली दबून पार दुमडली होती. मी हलक्या हातानं ती सोडवली, आणि इतका वेळ अडकलेलं सगळं धो धो पिशवीत यायला लागलं. पंच्याखालून लांबलचक सुस्कारा ऐकू आला. मी चादर नीट केली, पिशवी रिकामी केली, परत हात धुतले. बाबांनी पंचा काढला तेव्हा डोळे ओले होते.

"गो बाय," ते म्हणाले, "वाईच पाणी दी."

त्या दिवसापासून ते पाणी प्यायला लागले. नळी दबली की स्वतःच "बघ गो जरा" म्हणायचे. लघवीचा रंग हळूहळू फिका होत गेला, ताप गेला, गोळ्याही वेळच्या वेळी पोटात गेल्या.

नळी काढायच्या दिवशी सकाळी आम्ही दोघंच ओपीडीत गेलो. नळी निघाली, पण तिथल्या संडासापुढची गर्दी बघून त्यांना काही होईना. डॉक्टर म्हणाले, "घरी जा, पाणी प्या. पोट तटतटलं किंवा संध्याकाळपर्यंत झाली नाही तर लगेच परत या."

घरी आल्यावर बाबा मोरीच्या पडद्याआड जायचे, वाट बघायचे आणि मान हलवत बाहेर यायचे. दर खेपेला चेहरा आणखी उतरलेला. "परत नळी घालतले," एवढंच पुटपुटायचे. वाहत्या पाण्याच्या आवाजानं होते, असं ओपीडीत कोणीतरी सांगितलं होतं. पण नळाचं पाणी सकाळीच गेलेलं. शेवटी मी पिंपातून तांब्या भरला, पडद्याच्या अलीकडे बादली ठेवली आणि उंचावरून बारीक धार सोडली.

"तू भायर जा," आतून आवाज आला.

"मग पाणी कोण ओतणार?"

मी ओतत राहिले. नुसतं ओतायचं मलाही अवघड वाटायला लागलं, म्हणून काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "बाबा, गावाकडं यंदा फणस कसे आहेत?"

"बरे आसत म्हणतत. परड्यातलो कापो तर..." ते बोलता बोलता थांबले.

आणि मला माझ्या धारेखेरीज दुसरी एक धार ऐकू आली. मी तांब्या तसाच अधांतरी धरला. आतली धार थांबली. मी घाईनं तांब्या पुन्हा कलता केला. मग ती परत सुरू झाली आणि चालूच राहिली.

"झाली गो! झाली!" बाबा गिरणीतल्या आवाजात ओरडले. शेजारच्या मावशी पोळपाट हातात घेऊनच दारात आल्या. "काय गं, काय झालं?"

मी तोंड उघडायच्या आत पडद्याआडून उत्तर गेलं, "लघयी झाली!"

मी पिंपाला टेकून खाली बसले. हसत होते की रडत होते, मलाच कळेना. मावशी "देवच पावला" म्हणाल्या आणि परत पोळ्या लाटायला गेल्या.

यजमान आले तेव्हा बाबा गाढ झोपले होते. "परत जायचंय का हॉस्पिटलात?" त्यांनी चपला न काढताच विचारलं. मी म्हटलं, "नाही. दोनदा झाली, पोट मऊ आहे." ते उंबऱ्यावरच बसले आणि चपला काढल्या. मग म्हणाले, "भूक लागलीय गं." मी ताट वाढलं. स्वतःचंही वाढून घेतलं, आणि बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघं निवांत जेवलो.