जाऊबाईंना दिसलेला देश

परदेश म्हणजे काय ते इस्त्रीवाल्या काकूंना विचारा. परदेश म्हणजे त्यांच्या थोरल्या जाऊबाई! तिकडे जाऊन बाईंना बरीच वर्षं झाली, पण फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं, "अजून तुमच्याकडे तसंच का गं सगळं?" काकूंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्यामुळे मोठी आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत आपल्याच दुकानासमोरून जाणार आणि जगभर टीव्हीवर दिसणार हे कळताच काकूंनी कंबर कसली. नगरपालिकेचा माणूस दुकानोदुकानी सांगत फिरत होता, "देशाची प्रतिमा सांभाळा." काकूंनी ती जबाबदारी एकटीनंच अंगावर घेतली. कपड्यांची दोरी उतरवली, पायरी घासली आणि मोर्चा काकांकडे वळवला. साऱ्या गल्लीचे कपडे कडक करणाऱ्या बाईचा नवरा भोकाभोकांचं बनियन घालून हिंडायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"त्या दिवशी हा पांढरा शर्ट घालायचा," काकूंनी बजावलं. "जाऊबाई बघणारेत." शर्टाला त्यांनी इतकी खळ घातली होती, की तो काकांशिवायही खुर्चीत ताठ बसला असता.

शर्यतीच्या दिवशी सायकली सणसणत आल्या आणि गेल्या. सगळ्यात मागचा गडी मात्र नेमका दुकानासमोर घसरला आणि त्याची चड्डी मागून टर्रकन फाटली. कॅमेरेवाली मोटरसायकलही तिथंच थांबली. काका धावले, पण त्या शर्टात वाकता कुठं येतंय! त्यांनी शर्ट काढला, गड्याला उभं केलं आणि त्याची लाज झाकायला तोच शर्ट त्याच्या कमरेला बांधू लागले. शर्ट वळेल तर शपथ! शेवटी काकांनी अंगातलं बनियन उतरवलं, ते बांधलं आणि गड्याला ढकलून मार्गी लावलं.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं काकूंना झालं. शर्यत संपेपर्यंत कॅमेऱ्यानं त्या बनियनचा पिच्छा सोडला नाही.

थोड्या वेळानं फोन वाजला.

"ते भाऊजीच ना गं?" जाऊबाई विचारत होत्या.

"ताई, शर्ट नवा होता हो, पण..."

"शर्ट गेला खड्ड्यात! मी ओळखीच्या सगळ्यांना सांगितलं, हा माझा दीर!" मग त्या हळूच म्हणाल्या, "मागं मी इथं भर बाजारात पडले होते. लोक बाजूबाजूनं निघून गेले गं."

"आणि हे मला आज सांगताय?"

"कसं सांगणार? तुझ्यापुढं माझीही काही इज्जत आहे की नाही?"

काकूंना हसू आणि रडू एकदमच फुटलं. इतकी वर्षं दोघी एकमेकींना नुसती घासलेली पायरी दाखवत होत्या!

"ताई, मिळेल त्या विमानानं या," त्या म्हणाल्या. एवढ्याशा खोलीत जाऊबाईंना झोपवायचं कुठं, हा प्रश्न त्यांना फोन ठेवायच्या आधीच पडला. तरी त्या पुन्हा म्हणाल्या, "या."