नागूचे पाटे

नागूला तराजू लागत नसे. भाताचं पोतं असो, सागाचा ओंडका असो की रामनगरच्या बाजारात भेटलेला पाहुणा असो, नागू एकदा वरून खाली बघायचा आणि वजन सांगायचा. ओंडक्याचं सांगितलं तर चालतं हो. पाहुण्याचंही सांगायचा, तेही तोंडावर, चहा पिता पिता!

पण दर माघात सारी वाडी त्याच्या या खोडीपुढे मान तुकवायची. उळवीच्या जत्रेला देसायांचा ट्रॅक्टर जायचा आणि ड्रायव्हर नागू. मागचा ट्रेलर दोन चाकांचा. त्याचा दांडा ट्रॅक्टरच्या हुकावर टेकलेला. पुढे गर्दी झाली की सगळा भार हुकावर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर यायचा आणि पुढची चाकं हलकी व्हायची. मग चढावर स्टेअरिंग फिरवा नाही तर देवाचं नाव घ्या, सारखंच. मागे गर्दी झाली तर ट्रेलर शेपूट हलवायचा. म्हणून कोणी कुठं बसायचं हे नागू ठरवायचा. तिथं मानपान नाही, वय नाही. खुद्द देसायांच्या आईला त्यानं "आजी, तुमी मदी, चाकावर," म्हणून भाताच्या पोत्यासारखं नेमकं ठेवलं होतं.

गेल्या साली मात्र गडी चुकला. त्याची बायको फुला नवं हिरवं लुगडं नेसून सगळ्यांच्या आधी चढली आणि अगदी पुढे, नवऱ्याच्या पाठीशी बसली. ड्रायव्हरची बायको, तिथं नाही तर कुठं बसणार? नागूनं पुढचं टायर बघितलं आणि तीस माणसांदेखत ओरडला, "फुले, ऊट, मागं जा! तुज्यानं म्होरा उचलतोय!"

सगळा ट्रेलर खो खो हसला. फुला गाठोडं घेऊन उतरली ती तडक घरी गेली. लग्न झाल्यापासून तिची उळवी एकदाही चुकली नव्हती, ती त्या साली चुकली.

त्यानंतर ती नागूशी कामापुरतं बोलायची. "जेवा." "आंगुळीचं पानी काडलंय." आमटीत मीठ बरोबर, भाकरी गरम, कुठं बोट ठेवायला जागा नाही, आणि म्हणूनच नागूला भांडायलाही निमित्त सापडेना. माघ जवळ आला तसं तिनं शेजारच्या यमुनेला सांगितलं, नागूला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, "मी बशीनं जाणार. त्या ट्रेलरात मी जल्मात पाय ठेवायची न्हाई."

आता "चुकलं माजं" एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द! पण ते नागूच्या तोंडातून निघायचे कसे? त्याऐवजी तो रामनगरला ट्रकांची कामं करणाऱ्या कान्हूकडे गेला.

"कान्हू, हुकावरचा भार कमी करून दे."

"कमी व्हत न्हाई नागण्णा," कान्हू म्हणाला. "तेवडाच ऱ्हातोय. पन वाटता येतोय."

त्यानं ट्रकच्या कमानीचे दोन जाड पाटे हुकाखाली बसवले आणि त्यांची मागची टोकं साखळ्यांनी ट्रेलरच्या दांड्याला वर ताणून बांधली. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर पडणारा भार थोडा पुढच्या चाकांवर गेला, थोडा ट्रेलरच्या. नागूनं अगदी पुढे भाताची सहा पोती टाकून चढ चढून बघितला. स्टेअरिंग लोण्यासारखं फिरलं. गडी इतका खूश झाला की परत येताना एकटाच गात आला, आणि त्याचं गाणं ऐकून वाटेतले बैल बिथरले.

जत्रेचा दिवस आला. माणसं गाठोडी घेऊन सवयीनं रांगेत उभी. नागू छाती काढून म्हणाला, "बसा कुटंबी!"

आणि झाला की गोंधळ! सगळ्यांनाच पुढे बसायचं. बाबुराव म्हणे मी थोरला, म्हादू म्हणे मी आधी आलो, आजी काठी घेऊन चढल्या. नागूनं टॉवेल टाकून कसाबसा पुढचा एक कोपरा अडवला. फुला रस्त्याकडेला बसची वाट बघत उभी होती. तो तिच्यापुढे गेला.

"फुले, म्होरं बस चल."

"म्होरा उचलला तर?"

"न्हाई उचलत! पाटे बसवल्यात." आणि नागूनं हुक, साखळी, पुढचं चाक, मागचं चाक, सगळं हातवारे करून समजावलं. फुलानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे मी जड ती जडच. व्हय न्हवं?"

ट्रेलरातलं भांडण थांबलं. तीस माणसं कान टवकारून बसली. वजन विचारल्यावर खोटं सांगायचं नागूला जमत नव्हतं, आणि खरं सांगून काय झालं होतं ते वर्षभर भोगलं होतं. लांबून बसचा हॉर्न ऐकू आला. फुलानं गाठोडं उचललं.

"चुकलं माजं," नागू म्हणाला. आवाज इतका बारीक, की आजी वरून ओरडल्या, "मोट्यानं बोल रे!"

"चुकलं माजं, फुले! चारचौगांत तसं बोलायला नगं हुतं. गेल्या साली देवाम्होरं हुबा ऱ्हायलो, तुज्याबिगर हात जोडवंनात बघ."

बस आली, थांबली, कोणी चढलं नाही म्हणून गेली.

फुलानं गाठोडं त्याच्या हातात दिलं, पदर खोचला आणि ट्रेलरात चढली. डोळे पुसत आणि हसत ती म्हणाली, "एवडं लोकंड कशाला वं आनलं? गेल्या सालीच असं म्हनला असता, तर मी आपनहून मागं जाऊन बसले असते."