डॉक्टरीणबाईची मिनिटं

डॉक्टरीणबाई माणसाच्या तोंडाकडे नाही, तोंडात बघायची. बॉनमध्ये गणपतीच्या जेवणाला नवऱ्याने माझी ओळख करून दिली, "ही नुकतीच डेंटल हायजिनिस्टची परीक्षा पास झालीय." बाईने अभिनंदन वगैरे काही केलं नाही. मसालेभाताचा घास गिळून म्हणाली, "खालच्या पुढच्या दातांमागे साठलंय तुझ्या. सोमवारी ये माझ्या प्राक्सिसमध्ये, दवाखान्यात." मला वाटलं, दात साफ करायला बोलावतेय. तिने नोकरीला बोलावलं होतं. गावातली सगळी मराठी माणसं तिला अहो-जाहो करत. मीही सहा महिने केलं. आता करणार नाही. तेवढा सूड मला घेऊ द्या.

नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीमागे मी या देशात आले, भाषा शिकले, पोरीएवढ्या मुलींच्या शेजारी बसून तीन वर्षं आउसबिल्डुंग, म्हणजे दंतसहाय्यकाचं प्रशिक्षण, केलं, वर हायजिनिस्टचा कोर्स. चाळिशीच्या उंबरठ्यावर मला एकच गोष्ट हवी होती, स्वतःची खुर्ची, जिथे माझे पेशंट माझ्या हाताखाली बसतील. सहा महिन्यांची प्रोबेत्साइट, म्हणजे चाचणीची मुदत, पार पडली की ती मिळणार होती.

पण शाळेत माझं निम्मं काम प्लास्टिकच्या जबड्यावर झालं होतं. प्लास्टिकचा जबडा दचकत नाही आणि त्याला रक्त येत नाही. म्हणून करारात आइनआर्बाइटुंग असं छापलेलं होतं, म्हणजे पहिले तीन महिने कोणीतरी शेजारी बसून काम दाखवायचं. मला तीन दिवस मिळाले. चौथ्या दिवशी दुसरी हायजिनिस्ट आजारी पडली आणि बाईने मला तिच्या जागी बसवलं.

"मॅडम, हिरडीच्या खालचं एकदा दाखवाल का? तिथे हात घाबरतो माझा."

"गेनाऊ, गेनाऊ, बरोबर आहे तुझं. पुढच्या आठवड्यात बसू आपण."

हे मी तिला अकरा वेळा विचारलं आणि अकराही वेळा हेच उत्तर मिळालं.

शिकवायला बसायची नाही, पण मागे येऊन उभी मात्र राहायची. आधी जिभेचा 'च्च' असा आवाज यायचा, मग बोलणं. जर्मन पेशंट खुर्चीत असला की ती मला मराठीतून झापायची, तेही हसत हसत, साखरेत घोळलेल्या आवाजात. "अगं, हात आहे की उलथनं? त्या बिचाऱ्या म्हातारीने काय घोडं मारलंय तुझं?" म्हातारी खूश व्हायची. एकदा एकीने चूळ भरून आम्हाला सांगितलं, की तुमची भाषा काय गोड आहे हो. बाईने तिला मनापासून डांके म्हटलं. मी मास्कच्या आत ओठ चावत होते.

मराठी पेशंट आला की हा कारभार उलटा व्हायचा, मग झापणं जर्मनमधून. ते मी सगळ्यात जास्त भोगलं काकांच्या वेळी. मुलाकडे राहायला आलेले सत्तरीचे काका. दाढा ठणकेपर्यंत त्यांनी अंगावर काढलं होतं. गोळ्यांचा फॉर्म त्यांच्या सूनबाईने भरला होता, त्यात 'काही नाही' लिहिलं होतं. काकांना पुन्हा विचारायला हवं होतं. शाळेत आम्हाला तेच घोकून घेतलं होतं. पण वडिलांच्या वयाच्या माणसाला परत विचारायचं म्हणजे त्यांच्या सुनेला त्यांच्या तोंडावर खोटं ठरवायचं, असं मला वाटलं. मी 'बसा काका' म्हटलं आणि काम सुरू केलं.

दहा मिनिटांनी रक्त थांबेना. काका बिचारे संकोचाने ते गिळत होते. मी बेल दाबली.

बाई आली, गॉज दाबून धरला आणि वाकून म्हणाली, "काका, हृदयाची गोळी कुठली घेता?"

काकांनी डोळे मिटले. "रक्त पातळ करायची. सुनेला सांगू नका हो. मुलगा काळजी करत बसेल."

"मी नाही सांगणार. तुम्हीच आज संध्याकाळी सांगायचं. कबूल?"

पाऊण तास ती स्वतः तिथे बसून गॉज दाबत राहिली. बाहेर पेशंट खोळंबले होते, तरी काकांशी साताऱ्याच्या कंदी पेढ्यांवर गप्पा मारल्या, आणि काका गॉजआडून हसले. हे तिला जमायचं. हे मला नाकारता येत नाही, म्हणून तर जास्तच राग येतो. मधूनच त्याच मऊ आवाजात ती माझ्याकडे वळून जर्मनमध्ये म्हणाली, की अशा बाईच्या हातात मी कुत्रंसुद्धा देणार नाही. काकांना वाटलं, माझं कौतुक चाललंय. त्यांनी गॉज तोंडात धरून माझ्याकडे बघून मान डोलावली.

त्या दिवसापासून खुर्ची गेली. उरलेले महिने मी सक्शनची नळी धरली. प्रोबेत्साइटच्या शेवटच्या दिवशी बाईने मला आत बोलावलं.

"तुला ठेवत नाही. न शिकवता तुला पेशंटवर सोडायची माझी हिंमत नाही, आणि शिकवायला वेळ नाही."

"ओरडायला होता," मी म्हणाले. सहा महिन्यांत पहिल्यांदाच मी उलट बोलले.

तिने चष्मा काढून पुसला. "ओरडायला मिनिट लागतं गं. शिकवायला तास लागतो. माझ्याकडे मिनिटंच असतात." मग एका क्लिनिकचा नंबर लिहिलेला कागद पुढे सरकवला. "इथे वर्षभर शेजारी बसवतात. मी बोललेय त्यांच्याशी." तिने हात पुढे केला. या देशात निरोपाचा हात नाकारत नाहीत. मी कागद घेतला, हात घेतला नाही.

आता मी त्याच क्लिनिकमध्ये आहे. प्रत्येक पेशंटला गोळ्यांचं तीनदा विचारते, सुना-मुलं समोर असली तर त्यांना बाहेर बसवून विचारते. ते बाईचं देणं आहे, मला मान्य आहे.

पण इथल्या पहिल्या आठवड्यात मी एका पेशंटच्या दाढेशी अडखळले, तेव्हा शेजारची सीनियर काही बोलली नाही. तिने माझ्या बोटांवर आपली बोटं ठेवली, हत्यार जरासं आत वळवलं आणि माझ्याच हाताने दोनदा ओढून दाखवलं. हिरडीच्या खालचा थर अलगद सुटून आला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग माफी मागून टॉयलेटमध्ये गेले आणि बाईच्या नावाने रडले. शिकवायला दोन मिनिटंसुद्धा लागली नव्हती.