शिगेनोकाकूंची पांढरी

आता काकूही नाहीत आणि बुन्झोही नाही, म्हणून सांगते.

जपानच्या डोंगरातल्या आमच्या यामाकोशीत घराला लागून तळं असतं आणि तळ्यात रंगीत कोई मासे. पण शिगेनोकाकूंसारखे मासे कुणी सांभाळले नाहीत. उन्हाळाभर नुसते लाड. थंडी आली, वळचणीला मुळे वाळत टांगले की मात्र खाण्याचा डबा फडताळात बंद. मासे तोंडं वासून काठाशी आले तरी काकू ढिम्म.

"बघवतं तरी कसं हो तुम्हाला?" मी एकदा वैतागून विचारलं.

"गार पाण्यात त्यांना पचत नाही. माझी हौस व्हायची आणि ते मरायचे. तूही नवऱ्याला रात्रीचं जरा कमीच वाढत जा!"

त्यांचा जीव होता एका म्हाताऱ्या पांढऱ्या मादीवर. काकूंच्या नवऱ्याने वाढवलेल्यांपैकी तेवढी एकच उरली होती. काकू तिच्याशी बोलायच्या, भांडायच्यासुद्धा.

त्या वर्षी बर्फ बेसुमार पडला. काकू दवाखान्यात गेलेल्या असताना बुन्झो त्यांच्या छपरावर चढला. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची छपरं तोच मोकळी करायचा, आणि तोही सत्तरीला टेकलेला! छपरावरचा बर्फ तळ्यात ढकलायचा ही आमची रीतच. तळ्यात येणाऱ्या झऱ्याच्या न गोठणाऱ्या पाण्याने तो विरघळतो. पण काकू रोज थोडा थोडा ढकलायच्या. या दांडगोबाने अख्खं छप्पर एका दमात खाली ओतलं. तळं दिसेनासंच झालं.

काकू परतल्या. मला वाटलं, आता बुन्झोची धडगत नाही. त्यांनी आधी वाकून त्याचे आभार मानले, चहा दिला, लोणचं वाढलं. मग झऱ्याच्या तोंडाशी जाऊन तिथला बर्फ हातांनी बाजूला करायला लागल्या. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"काकू, चुकलंच माझं! थांबा, आत्ता सगळं उपसतो."

"फावडं ठेव खाली! दणक्यांनी घाबरतील, सैरावैरा पळतील. या थंडीत तेवढी ताकद नसते त्यांच्यात. खोलात निजलेत, निजू दे."

"आणि काही बरंवाईट झालं तर?"

"चहा निवतोय तुझा."

त्यानंतर बुन्झोने फावडं हातात घेतलं नाही. "मदत करायला जातो आणि घात करतो. आता कुणाच्याच छपरावर चढणार नाही," असं गावभर सांगत सुटला.

बर्फ वितळला. मी सकाळी गेले तर काकू भाजीच्या वाफ्यात खड्डा बुजवत होत्या. बाकीचे मासे वाचले होते, पांढरी नव्हती. मला भडभडून आलं. तेवढ्यात बुन्झो आला आणि तळ्यात डोकावून पांढराफटक पडला.

"पांढरी कुठाय?"

"ओजिया गावाला पाठवलीय," काकू हात झटकत म्हणाल्या. "तिथल्या एकाकडे चांगला नर आहे. स्थळ जमलंय तिचं."

"या वयात?" बुन्झो खो खो हसला. "आणि आम्हाला कुणी विचारत नाही!"

काकूही हसल्या, त्याच्याइतक्याच मोठ्याने. तो वळणाआड गेल्यावर मात्र काठाशी मटकन बसल्या आणि हुंदके देऊन रडल्या. मला संताप आला. म्हटलं, त्याला कळायला नको?

"कुठे बोललीस तर याद राख," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "छपरावर चढणारा गावात तो एकटाच उरलाय."